तांत्रिक सहल कुठे न्यायची: तयार इमारत, चालू साइट की धाब्याचा वाडा?

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या स्थापत्य अभियंत्यांच्या ग्रुपवर वर्षातून एकदा हा विषय निघतोच. हाताशी एक दिवस, एक बस, पंचवीस-तीस माणसं, आणि त्यात स्ट्रक्चरलवाले, आर्किटेक्ट, इलेक्ट्रिकल-प्लंबिंग बघणारे, सगळेच.

बहुतेकांच्या तोंडी आधी गांधी तीर्थ येतं. जळगावजवळच्या जैन हिल्सवरची ही गांधी संग्रहालयाची वास्तू २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुली झाली. जोधपुरी दगडाचं काम, मोठी दालनं. दगडाचे सांधे, उजेडाची योजना आणि आतला गारवा बघायला आर्किटेक्ट मंडळींना हा पर्याय उत्तम. पण तयार इमारतीची एक अडचण कायमची: जे बघायला गेलो ते भिंतीच्या आत नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वर. मी एकदा चाळीस जणांना (कुठल्या इमारतीत ते सोडा) घेऊन गेलो. तासभर पीपीटी, मग चहा, आणि प्लांट रूमची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. तयार इमारत निवडलीत तर गच्ची, पंप रूम आणि पॅनल रूम उघडून मिळतील का, हे आधी पक्कं करून घ्या. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीचंही तेच. पाणी वर कसं चढतं आणि आगीच्या वेळी माणसं खाली कशी उतरतील, एवढं बघितलं तरी फेरी वसूल.

माझा कौल चालू साइटला, आणि तोही स्लॅब भरायच्या आदल्या दिवशीचा. सळई बांधून झालेली असते, कव्हर ब्लॉक (सळईखाली अंतर राखणारे ठोकळे) आणि चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे घोडे) डोळ्यांनी मोजता येतात, लॅप, म्हणजे दोन सळयांचा एकमेकींवर चढवलेला जोड, कुठे टाकलाय ते दिसतं. त्याच जाळीत इलेक्ट्रिशियनचे पाइप, फॅन बॉक्स आणि प्लंबरचे स्लीव्ह (पाइपसाठी भोक राखणारी नळकांडी) घुसलेले असतात. एका साइटवर कॉलमलगत सात पाइप एकाला एक चिकटून गेलेले पाहिले. तिथे काँक्रीट शिरणार कुठून, यावर आमच्यात अर्धा तास जुंपली. असा अर्धा तास कुठल्याच सेमिनारमध्ये मिळत नाही.

शिवाय आपल्याकडची हवा. हवा चाळिसाच्या वर गेली की उष्ण हवेतल्या काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ७८६१ लागू होतं आणि ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या आत ठेवावं लागतं. एप्रिलमध्ये खडी-वाळूवर पाणी मारून, पहाटे स्लॅब भरणारा ठेकेदार बघायला मिळाला तर सोडू नका. क्युरिंगही (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) काँक्रीट कामाच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस, मिश्र (फ्लाय ॲश वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला १४. आपल्याकडे सात दिवसांत पाइप गुंडाळतात, ते वेगळं. तापीकाठच्या काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला, जमिनीत ओतलेला पायाचा खांब) चालू असेल तर दुधात साखर. खोडाच्या अडीचपट व्यासाचा तो फुगा एकदा जमिनीत गेला की कोणाच्याच नजरेस पडत नाही.

तोटे उघड आहेत. हेल्मेट-बूट लागतात, एका वेळी बारा-पंधराच माणसं वर जाऊ शकतात, आणि मालकाला आपण तपासणीला आलोय असं वाटतं.

तिसरा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही: यावल, चोपडा, पारोळा भागातला एखादा राहता धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा. लाकडी कड्यांवर फूटभर मातीचा थर धरला तर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन येतं. आपला सव्वाशे मिलिमीटरचा स्लॅब तीनशेच्या थोडा वर. तेवढा भार कड्या पिढ्यान्‌पिढ्या कशा पेलतात, हे स्ट्रक्चरलवाल्यांनी तुळईखाली उभं राहून बघावं. एसीचं डिझाइन करणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी तीनला यावं, आधी अंगणात आणि मग माजघरात उभं राहावं. जानेवारीत नेलंत तर वाडा सुंदर दिसेल, कळणार मात्र काही नाही. घरात माणसं राहतात, तेव्हा आठ-दहाच जण न्या, आणि वर चढण्याआधी घरातल्या थोरल्यांना विचारा. भेगाळलेल्या धाब्यावर दहा जण चढले की पावसाळ्यात गळती घरच्यांच्या नशिबी.

ग्रुपमध्ये आर्किटेक्ट जास्त असतील तर गांधी तीर्थ, साइट इंजिनिअर जास्त असतील तर चालू स्लॅब. दोन्ही सारखे असतील तर सकाळी साइट आणि दुपारी वाडा. साइट ठरली तर ठेकेदाराला आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करा. स्लॅबची तारीख हमखास एक-दोन दिवस पुढे सरकते, आणि बसवाल्याने ॲडव्हान्स आधीच घेतलेला असतो.