कापसाची गादी की काथ्याची? गोव्याचा पाऊस धरून

गादी घ्यायची म्हटलं की दुकानदार आधी फोम पुढे करतो. तो सोडून देऊ. एका मे महिन्यात फोमवर झोपून बघितलं, पाठ घामाने निथळली, विषय तिथेच संपला. खरा प्रश्न कापूस की काथ्या, हा. मी डिचोलीत राहतो आणि दोन्हींवर बरीच वर्षं काढली आहेत.

गंमत अशी की ऊब तंतू देत नाहीत, तंतूंमध्ये कोंडलेली हवा देते. हवा हलली नाही तर तिच्यातून उष्णता फारशी जात नाही. कापूस पिंजला की बारीक तंतू सुटे होतात आणि त्यांच्यात हवा जागच्या जागी अडकते. त्यामुळे डिसेंबरात पहाटे दव पडतं तेव्हा कापसाच्या गादीचं सुख वेगळंच. काथ्याचे तंतू जाड आणि राठ. नारळाच्या सोडणांतून काढलेल्या तंतूंना आधी दोरासारखा पीळ देतात. पीळ उलगडला तरी कुरळेपणा राहतो. मग त्यांवर रबराचा चीक फवारून, दाबून, तापवून पक्कं करतात. आत मोठ्या फटी राहतात, कूस बदलली की हवा खेळते, अंगाची उष्णता निघून जाते. (आमच्या लहानपणी हीच सोडणं न्हाणीच्या चुलीत जायची. आता त्यांच्यावर झोपायला पैसे मोजतो.)

म्हणजे थंडीत कापूस, उन्हाळ्यात काथ्या. इथवर बरोबरी म्हणा. माझा निकाल लावला तो पावसाने.

कापूस एरवीसुद्धा हवेतून वजनाच्या आठेक टक्के पाणी धरून असतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवाच ओली, तेव्हा विचारू नका. आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओलावलेली गादी अंगाला गार लागते. एका वर्षी गणेश चवथीच्या तीन दिवस आधी लख्ख ऊन पडलं. पाहुणे यायचे होते, म्हणून मी आणि मुलाने डबल गादी जिन्यावरून ओढत गच्चीवर नेली. चहा घेऊन वर जाईपर्यंत सर कोसळली. कोरडी असताना दोघांना झेपलेली गादी उतरवायला चौघे लागले. पडवीत दोन बाकांवर टाकून रात्रंदिवस पंखा लावला, तरी आतला कापूस वाळेना. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायच्या दिवशी फुलांच्या वासात तो कुबट वास मिसळला होता. पुढे मधे गोळे झाले, कमरेखाली खड्डा पडला. पिंजून घ्यायची तर ओला कापूस पिंजता येत नाही, म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबा.

काथ्याही ओल धरतो, नाही असं नाही. पण भिंतीला उभी करून पंखा लावला की माझी गादी संध्याकाळी अंथरण्याजोगी होते. ऊन शोधत बसावं लागत नाही.

दोष काथ्यातही आहेत. पहिला महिनाभर रबराचा वास येतो. रोज एकाच कडेवर बसून मोजे घालायची सवय असेल तर ती कड चेपते. काही वर्षांनी खाली तपकिरी भुसा पडू लागतो, आणि मग गादी पिंजून नवी होत नाही, टाकावीच लागते. कापसाचं तसं नाही, जुन्या गादीतून नवी निघते. घरात ऊन येणारी मोठी गच्ची आणि हाताशी दोन तरुण माणसं असतील तर कापसाला मी नाही म्हणणार नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र काथ्याचीच बघा, आणि वर कापसाची पातळ रजई अंथरा. तेवढी रजई दोरीवरही वाळते.

आईला काथ्या टोचतो. तिच्या खाटेवर कापसाचीच गादी आहे, आणि ती उन्हात घालायचं काम माझ्याकडे.