पैसे घेतले, पेपर छापला, आणि वर माझं कामही नेलं

आधी रक्कम सांगते, ज्यांना हसायचं आहे त्यांनी लगेच हसून घ्या. एका बनावट जर्नलमध्ये, म्हणजे शोधपत्रिकेत, माझा पेपर (शोधनिबंध) छापण्याची फी ४,५०० रुपये. १,२०० डीओआयचे, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाचे. ८५० छापील अंक, प्रमाणपत्र आणि कुरिअरचे. आणि शेवटी तोच पेपर मागं घेण्यासाठी ५,०००. एकूण ११,५५०. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या आणि मानधन कधी येईल याचा पत्ता नसलेल्या बाईचे ११,५५०. तरी माझी खरी चीड पैशाची नाही. ती पुढं येईल.

पेपर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांवर होता. धारूर, वडवणी, शिरूर कासार या भागातल्या टोळ्या पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावी परतल्या की मी जायची. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या नावावर उचलली जाते, कोयता मात्र जोडीचा, नवरा-बायको मिळून एक, मोजला जातो, आणि बाई आजारी पडली तर खाडा (गैरहजेरीचा दंड) दोघांच्या मजुरीतून कापतात. हे सगळं त्या बायकांनी मला चुलीपुढं बसून सांगितलं. नाव कुठं येणार नाही, असा शब्द मी दिला होता.

आता कुणी म्हणेल, पेपर छापायची एवढी घाई कशाला? घाई अशी की २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीनुसार कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीत एका पेपरला २ गुण मिळतात, जास्तीत जास्त ६. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढून टाकली, पण नोकरीच्या रांगेतले हे गुण राहिले. आमच्याकडं जागा निघते कधी, आणि एका जागेला किती जण बसतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्या २ गुणांवर बाजार उभा आहे.

व्हॉट्सॲपच्या एका गटात ‘कॉल फॉर पेपर’ आला. टाकणारे सर ओळखीचे, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचे. जर्नलचं नाव यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या ‘केअर’ यादीत होतं. मी डोळे झाकून पैसे पाठवले असं समजू नका. यादी उघडून नाव जुळवलं, आयएसएसएन जुळवला, दोन्ही तंतोतंत जुळले. म्हणूनच तर फसले. खरं जर्नल एका लहानशा संस्थेचं, वर्षानुवर्षं फक्त छापील निघणारं. त्यांची वेबसाइटच नाही. त्या रिकाम्या जागेवर कुणीतरी त्यांचंच नाव, त्यांचाच आयएसएसएन आणि त्यांचंच मुखपृष्ठ लावून दुकान थाटलं. याला क्लोन जर्नल म्हणतात. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा नुसता क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. तो कुणीही आपल्या पानावर टाइप करू शकतो. आयएसएसएनच्या पोर्टलवर देश कोणता आणि नियतकालिक छापील की ऑनलाइन हे दिसतं. ते ताडून बघा, आणि छापील अंकावर पत्ता असेल तर तिथं पत्र टाका, फोन करा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये प्रकाशन-नीतीवर तास झाले, त्यात चोरी करू नये एवढं शिकवलं. आपल्याकडं चोरी झाली तर काय करायचं, ते नाही.

आता ती रात्र. पेपर रात्री दहाच्या सुमारास पाठवला. पाठवल्यावर बघते तर चुकून कच्ची फाइल गेलेली. दुसऱ्या कोष्टकाखाली पिवळ्या रंगात मीच माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं: ‘हा आकडा परत तपासणे’. म्हटलं, छापण्याआधी पेपर तपासणारे परीक्षक विचारतीलच, तेव्हा दुरुस्त फाइल देऊ. सकाळी चहाच्या वेळेला मेल हजर. पेपर स्वीकारला. दोन परीक्षकांचे दोन अभिप्राय, दोन्हींत एकच वाक्य, आणि त्या एका वाक्यात स्पेलिंगची चूकही एकच. दोन परीक्षक, आणि पिवळं वाक्य एकालाही दिसलं नाही! एरवी विद्यार्थ्याच्या निबंधातली वेलांटी मला दिसते. त्या सकाळी मी काय विचार केला? बरं झालं, लवकर झालं. अर्जाची मुदत जवळ होती, आणि मेलच्या खाली यूपीआयचा क्यूआर होता. क्यूआरवर जर्नलचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. तेही दिसलं. लहान संस्था आहे, चिटणिसाचं खातं असेल, असं मीच मला समजावलं. माझ्या जागी नोकरीची वाट बघणारा कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. ज्यांना कायम नोकरी आहे त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

दुरुस्त फाइल मी त्याच दिवशी पाठवली. छापलं काय? कच्ची. ‘हा आकडा परत तपासणे’ हे वाक्य आज माझ्या नावानं छापील अंकात आहे.

आणि माझ्या नावापुढं दुसरं एक नाव आहे. परराज्यातल्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक, माझ्या ऊसतोड बायकांवरच्या पेपरचा सहलेखक! त्याला मी ओळखत नाही, त्यानं जन्मात कोयता पाहिला असेल असं वाटत नाही. संपादक म्हणवणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला सिस्टीमची चूक आहे. पुन्हा केला तर सरळ धंद्याचं बोलला: “मॅडम, पुढच्या पेपरात एक जागा आम्हाला द्या, तुमची फी माफ.” म्हणजे सहलेखकाची जागा विकायला असते, रेल्वेच्या तिकिटासारखी. ज्या बायका माझ्यावर विसंबून बोलल्या, त्यांचं बोलणं यानं तिसऱ्याच माणसाला विकलं. माझी चीड आहे ती याची.

पेपर मागं घेते म्हटलं तर ‘विथड्रॉल फी’ ९,०००. का दिले? कारण तिथं छापलेला पेपर दुसरीकडं पाठवला तर दुबार प्रकाशनाचा ठपका माझ्यावरच येतो, आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही माझीच होती. काही आधी, उरलेले काढल्यावर, असं ठरवून ५,००० पाठवले. मग म्हणाले, उरलेल्यावर जीएसटी लागेल. पेपर अजून तिथंच आहे. १,२०० रुपयांचा डीओआय मात्र आजतागायत उघडत नाही. खरा डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की थेट पेपरवर नेतो, तुमचाही टाकून बघा. आणि पेपर काढून घ्यायला पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, तो परत मागतोच.

मुलाखतीआधीच्या छाननीत एका बाईंनी पान उलटलं आणि सांगितलं, हा क्लोन आहे. गुण शून्य.

मग पोलीस ठाणे. “मॅडम, तुम्ही पैसे दिले, त्यांनी छापून दिलं. मग फसवणूक कुठं झाली?” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम सांगितलं, दुसऱ्याच्या नावानं जर्नल चालवतात हे सांगितलं. साहेबांनी अंक हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला. “जाडजूड आहे की!” म्हणाले. एकानं विचारलं, पेपर म्हणजे दहावीचा का? अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर उद्या या. उद्याला शिक्केवाला रजेवर. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आमचा संबंध नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच करावा लागतो, पैसे खात्यात असेपर्यंत. इथं फसवणूक कळायलाच कित्येक महिने जातात, तर लगेच कुठून करणार?

विद्यापीठात गेले तर आणखी मजा. ११ फेब्रुवारी २०२५ ला यूजीसीनं केअर यादी बंद केल्याची सूचना काढली, जर्नल निवडण्याचं काम शिक्षक आणि संस्थांवर सोपवलं, पारखायला काही निकष दिले. टेबलावरचे गृहस्थ मला म्हणाले, “यादीच राहिली नाही, तर यादीतल्या जर्नलची तक्रार कशी घेणार?” मी म्हटलं, छापलं तेव्हा यादी होती. मग म्हणे कॉलेजकडून या. कॉलेज म्हणालं तुम्ही सीएचबीवर, आमच्या पत्रावर तुमची तक्रार कशी पाठवायची? प्राचार्य वरून म्हणाले, गाजावाजा करू नका, नॅकचं मूल्यांकन आहे. संशोधन केंद्राच्या भिंतीवर ‘संशोधनातील सचोटी’चं पोस्टर आहे, त्याच्याच खाली खुर्ची टाकून मला बसवून ठेवलं. खऱ्या जर्नलच्या वयस्क संपादकांनी तेवढं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या नावावर असे किती जण रडत येतात ते त्यांनी सांगितलं. त्यांनाही दाद मिळालेली नाही.

हे नवं नाही म्हणा. मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्या तेव्हाच्या यादीतून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली होती. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलं काढणाऱ्या कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं ५ कोटी डॉलरहून जास्त भरायला लावणारा निकाल दिला, त्यात खोटं परीक्षण आणि लपवलेली फी हेच मुद्दे होते. तिकडं व्यापार आयोग कोर्टात गेला. इकडं मला पोच मिळत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) ७.८ वगैरे लिहिलेलं दिसलं की विचारा, कुणाचा? खरा क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, बाकी नावं सारखी करून विकतात. स्कोपस या जर्नलांच्या डेटाबेसमध्ये आहे म्हणाले तर स्कोपसच्या स्रोतांच्या यादीत स्वतः बघा, आणि नोंद किती सालापर्यंतची आहे तेही बघा. काही काढून टाकलेली असतात. ‘कोप’ या प्रकाशन-नीतीच्या समितीचा शिक्का पानावर चिकटवता येतो, सदस्यांची नावं त्यांच्या साइटवर शोधता येतात. मागच्या अंकाची अनुक्रमणिका वाचा. मी नंतर वाचली. माझ्या ऊसतोड बायकांच्या एका बाजूला वेल्डिंगचा पेपर होता, दुसऱ्या बाजूला संतसाहित्याचा. यूपीआयचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि फोनवर बोलणं झालं की लगेच मेल करून तेच लेखी घ्या. मी ते केलं नाही, म्हणून ‘एक जागा आम्हाला द्या’ याचा माझ्याकडं पुरावा नाही.

आणि ते गटातले ओळखीचे सर. त्यांना एका पेपरमागं ५०० रुपये मिळतात, हे मला त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं सांगितलं. परवा त्यांनी पुन्हा एक कॉल फॉर पेपर टाकला, फी ३,८००. मी खाली पावत्यांचे फोटो लावले. ॲडमिननं माझा मेसेज काढला, कारण गट ‘फक्त शैक्षणिक’ आहे. सरांचा मेसेज तिथंच आहे, त्याला चौदा अंगठे पडलेत.