पहिला लॅपटॉप: नवा स्वस्त घ्यावा की वापरलेला बिझनेस लॅपटॉप?

पहिल्या लॅपटॉपसाठी हाताशी असलेली रक्कम बहुतेकदा बेताचीच असते. तेवढ्यात दोन प्रकारचे लॅपटॉप येतात. एक म्हणजे सीलबंद, पण सगळ्यात खालच्या श्रेणीतला नवा. दुसरा म्हणजे एखाद्या कंपनीत तीन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेला आणि तपासून पुन्हा विकायला ठेवलेला बिझनेस लॅपटॉप: लेनोवोचा थिंकपॅड टी, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक.

दोन्हींची तुलना करताना प्रोसेसरचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि विकत घेतल्यानंतर काय सहज बदलता येणार नाही ते आधी बघा. एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) बहुतेकदा बदलता येते, बॅटरीही बहुतेकदा बदलता येते. स्क्रीन, कीबोर्ड आणि बिजागऱ्या मात्र सहसा जशा मिळाल्या तशाच वापरल्या जातात, आणि बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, तर बदलताच येत नाही. पैसा तिथे गेला पाहिजे.

या कसोटीवर बिझनेस लॅपटॉपची बांधणी सरळ सरस ठरते. तो दिवसभर टाइप करणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. कळा खोल दाबल्या जातात, कीबोर्डावर थोडं पाणी सांडलं तरी निभावेल अशी सोय असते, झाकण एका कोपऱ्याला धरून उचललं तरी वाकत नाही. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू बरेचदा प्लास्टिकमध्येच रुतवलेले असतात आणि रोजच्या उघडझाकीत ते प्लास्टिक तडकतं. रोज बॅगेतून नेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

रॅमचंही तसंच. आज ८ जीबीवर काम सुरू होतं, पण ब्राउझरच्या वीसेक टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यातच ती भरते. पहिला लॅपटॉप चार-पाच वर्षं चालवायचा असेल तर १६ जीबीचं लक्ष्य ठेवा. स्वस्त नव्या मॉडेलांत ८ जीबी बऱ्याचदा सोल्डर केलेली असते आणि जादा खाच (स्लॉट) नसते. उलट २०२१ च्या लॅटिट्यूड ५४२० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, म्हणजे आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवता येते. सगळ्याच बिझनेस मॉडेलांत अशी सोय नसते, विशेषतः फार पातळ मॉडेलांत. या कंपन्यांची दुरुस्ती पुस्तिका त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत मिळते. मॉडेल नंबर टाकून खाचा किती ते घेण्याआधीच पाहा.

स्क्रीनच्या बाबतीत दोन्हीकडे सावध राहा. १३६६ × ७६८ ची टीएन (स्वस्त प्रकारच्या पॅनेलची) स्क्रीन कुठेही दिसली तरी नाही म्हणा. बाजूने पाहिलं की तिचे रंग उडतात आणि दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की दोन्हींत मजकूर मावत नाही. १९२० × १०८० आणि आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारं पॅनेल) ही किमान अट. घाऊक खरेदी करणाऱ्या कंपन्याही कधीकधी सर्वात स्वस्त पॅनेल निवडतात, त्यामुळे झाकणावरचं नाव पाहून स्क्रीन चांगली असेल असं धरू नका.

आता प्रोसेसर. नवा लॅपटॉप म्हणजे नवी चिप, ही समजूत इथे महागात पडते. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या प्रोसेसरची नावं घ्या. फरक एका अंकाचा, पण पहिल्यात झेन २ या रचनेचे ४ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), तर दुसऱ्यात त्यानंतरच्या झेन ३ चे ६. झेन २ ही २०१९ ची रचना आहे. त्या मालिकेत पहिला अंक वर्ष सांगतो आणि रचना कोणती हे तिसऱ्या अंकावरून कळतं. दुकानातल्या पाटीवर दोन्हींना ‘रायझन ५’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. म्हणून पूर्ण नंबर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टोरेजच्या जागी ईएमएमसी (साठवणुकीची स्वस्त चिप) लिहिलं असेल तर तो लॅपटॉप सोडूनच द्या. ती एसएसडीपेक्षा बरीच संथ असते आणि बोर्डावरच बसवलेली असल्याने बदलताही येत नाही.

नव्याची बाजू जिथे खरोखर भक्कम आहे ती म्हणजे बॅटरी आणि वॉरंटी. वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी झिजलेलीच असणार. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता असे दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच तुलना करा. दिवसभर प्लगपासून दूर राहायचं असेल, किंवा बिघाड झाल्यावर स्वतः धावपळ करायची तयारी नसेल, तर मी नवाच सुचवेन.

वापरलेला घेताना वयाची एक रेघ पक्की आहे. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्याहून जुना लॅपटॉप कितीही चकचकीत दिसला तरी घेऊ नका. हाच विचार जुन्या मॅकबुकला लावा: इंटेल चिपवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती २६ आहे, त्यामुळे ॲपलच्या स्वतःच्या एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचाच पाहा.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. कंपनीच्या लॅपटॉपवर कधीकधी तिचं दूरस्थ नियंत्रण तसंच राहून जातं. विक्रेत्यासमोर विंडोज पूर्ण रीसेट करा, इंटरनेट जोडा आणि सेटअप शेवटपर्यंत न्या. मधेच एखाद्या संस्थेचं नाव दाखवून तिथला ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या संस्थेच्या यादीत आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरताना पासवर्ड मागितला तरीही परत करा. ‘नंतर काढून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका.

गेमिंग किंवा जड व्हिडिओ संपादनासाठी या दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. लिहिणं, अभ्यास, कोडिंग, हिशेब यांसाठी मात्र, आणि वर सांगितलेल्या तपासण्या करून द्यायला कोणी जाणकार सोबत असेल तर, माझी पसंती १६ जीबीच्या, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आसपासच्या बिझनेस लॅपटॉपला. विक्रेत्याकडून किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्या आणि पहिल्या आठवड्यात सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक आणि प्रत्येक कळ वापरून पाहा.