सागवानी फर्निचरसाठी 'डबल बॉइल्ड' जवसाचे तेल

रंगांच्या दुकानात मिळणारे 'डबल बॉइल्ड' जवसाचे तेल हाताने घडवलेल्या सागवानी फर्निचरला लावावे का, याचे माझे उत्तर खुर्च्या, स्टूल आणि पुस्तकांच्या कपाटासाठी 'जरूर', तर जेवणाच्या टेबलासाठी 'नको' असे आहे.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा लाकडावर पापुद्रा बसतो. हे तेल मात्र लाकडात मुरते आणि हवेतला ऑक्सिजन शोषून तिथेच घट्ट होते. पहिल्याच हातात सागाच्या रेषा उठून दिसतात आणि फिकट लाकूड मधासारखे गडद होते. खोबरेल तेल कधीच वाळत नाही, त्यामुळे स्वस्त पर्याय म्हणून ते वापरू नये.

लावण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. सागाचे स्वतःचे तेल वाळण्याच्या आड येते, म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर लाकूड थिनरने पुसून घ्यावे, पहिल्या हातासाठी तेलात तेवढेच टर्पेंटाइन मिसळावे आणि १५-२० मिनिटांनी लाकडाने न प्यायलेले तेल कोरड्या कापडाने संपूर्ण टिपून काढावे. हे तेल राहिले, तर वर चिकट थर धरतो आणि त्यावर धूळ बसते. दमट हवेत ते फार सावकाश वाळते आणि त्यावर बुरशीही येऊ शकते. कोकणात हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवणे धोक्याचे आहे, कारण तेल वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

ओल्या भांड्याचे वळे आणि हळदीचे डाग हे तेल अडवू शकत नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलासाठी जर्मनीच्या ओस्मोसारखे तेल आणि मेण एकत्र असलेले हार्डवॅक्स ऑइल महाग असले तरी घ्यावे. पोळपाटाला तर 'डबल बॉइल्ड' तेल लावूच नये, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. तिथे घाण्याचे शुद्ध जवस तेल लावून ते पुरते वाळेपर्यंत काही आठवडे थांबावे.

खुर्चीच्या हातावर ओरखडा पडला, तर तेवढीच जागा घासून तेलाचा एक हात दिला की काम होते. पीयूच्या बाबतीत बहुधा सगळा पृष्ठभाग खरवडावा लागतो, आणि म्हणूनच खुर्च्यांसाठी मी हेच तेल निवडेन.