नाचणी: साधं पीठ की मोडाचं?
चंदगड-आजऱ्याकडची नाचणी तीच; फरक कुपोषित बाळाच्या अंगी किती लागतं यात. साध्या पिठातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं. पेजही घट्ट होते, मग आई पाणी वाढवते. पोट भरतं, उष्मांक मात्र कमी जातात. 12 तास भिजवून 24 ते 36 तास मोड आणले की फायटेट घटतं, स्टार्च तुटतो, जास्त पिठाची पेजही पातळ राहते. वाळवून मंद भाजा. करपलं तर पेज पातळ करणारं विकर (एन्झाइम) मरतं. पावसाळ्यात इकडे मोडांना बुरशी धरते, कुबट वास आला तर फेका. त्या दिवसांत साधंच पीठ बरं. दोन्हींत चमचाभर तूप, कोमट झाल्यावर लिंबू. वर चहा पाजलात तर लोह वायाच! पायांवर सूज असेल तर आधी दवाखाना.