जुन्या गाडीचा हीटर कोमट: थर्मोस्टॅट बदलायचा की हीटर कोअर धुवायचा?

निफाडच्या जानेवारीत पहाटे हीटर कोमट हवा टाकू लागला, तर आधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. ती ठीक असेल तर संशय बहुधा दोघांवरच जातो: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आणि हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर हायवेवर तापमानाचा काटा खाली घसरतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट चक्क काढूनच टाकतात. मग डिसेंबरात हीटर चालणार कसा? वर पेट्रोलही जास्त जळतं. नवा थर्मोस्टॅट स्वस्त असतो. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडतो, पण कंपनीने सांगितलेल्याच अंशांचा घ्या.

काटा मधोमध, तरी हवा गार? मग हीटर कोअर. इंजिनकडून केबिनमध्ये जाणाऱ्या दोन होजपाइपांना जपून हात लावा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल, तर आत गाळ साचलाय. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की असं होतंच. होज काढून उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं की बरेचदा काम होतं. नंतर कूलंट भरताना अडकलेली हवा काढायला विसरू नका. दाब वाढवला आणि जुना कोअर फुटला तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ती मजुरी सुट्या भागाहून महाग पडते. पायाशी ओल आणि गोडसर वास असेल तर धुण्याच्या फंदात पडूच नका, कोअर गळतोय.

काट्याबद्दल शंका असेल तर माझा कौल आधी थर्मोस्टॅटला.