बोर्ड गेला नव्हता, मी गेलो होतो

आधी एक कबुली. ज्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने मला फसवलं त्याचा नंबर मी स्वतः दोन ओळखीच्यांना दिला होता. वर 'माणूस हुशार आहे' असंही सांगितलं होतं.

माझा लॅपटॉप चालता चालता फट्कन बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, दिवा मालवावा तसा. व्हिडिओ कॉल सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत हमखास. नुसतं टायपिंग करत बसलो तर दिवसभर काही नाही. चार्जर लावलेला असो वा नसो, तेच. लगेच बटण दाबलं तर सुरू होऊन पुन्हा मिटायचा आणि अर्ध्या तासाने मात्र गुमान चालायचा. पंखा तर असा घोंघावायचा की समोरचा विचारायचा, मिक्सर लावलाय का? आज हे लिहिताना रोग काय होता ते मलाच दिसतंय. तेव्हा दिसलं नाही.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप आत नेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. 'बोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, शॉर्ट आहे. पॉवरची आयसी, वीज सांभाळणारी चिप, गेलीय, तिने बॅटरीही मारलीय. असाच वापरलात तर बोर्ड जळेल आणि डेटाही जाईल.' शेवटच्या वाक्याला मी गार झालो. माझ्या लॅपटॉपमध्ये डेटा एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या ड्राइव्हवर होता, आणि ती बोर्डापासून वेगळी, काढता येणारी. बोर्ड मेला तरी ती दुसरीकडे लावून वाचता येते (ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की मात्र जवळ हवी). पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचतं कुठे? त्याने फोनवर सूक्ष्मदर्शकाखालचा एक व्हिडिओही दाखवला, 'ही बघा तुमची जळालेली चिप.' मी मान डोलावली. पावतीवर 'लॅपटॉप दुरुस्ती' एवढेच दोन शब्द. त्याखाली, त्याने मागितला म्हणून, माझा पासवर्ड. तो मी माझ्याच अक्षरात लिहिला, याची लाज अजून वाटते. त्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये माझे सगळे पासवर्ड साठवलेले होते.

चार दिवसांनी लॅपटॉप परत आला आणि खरोखर ठणठणीत चालू लागला. म्हणून तर दोघांना नंबर दिला.

तीन-चार महिन्यांनी तो रडतखडत चालतोय म्हणून भाचीने टास्क मॅनेजर उघडला, लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. 'मामा, तुमची रॅम सोळा जीबी होती ना? इथे बारा दिसतेय.' एक आठची पट्टी जाऊन तिथे चारची आली होती. मग तिने कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पॉवरसीएफजी (powercfg) या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात बॅटरीची मूळ क्षमता, सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता आणि मागचा सगळा इतिहास तारखांसकट असतो. बॅटरी बदलली असती तर दुरुस्तीच्या तारखेला आकडा उडी मारून वर गेला असता. माझा आकडा तारखेमागून तारीख निमूटपणे उतरत आला होता, त्या चार दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडेही. 'नवी' बॅटरी म्हणजे माझीच जुनी.

खालचं झाकण उघडल्यावर उरलंसुरलं कळलं. माझा बोर्ड निळा, व्हिडिओतला हिरवा. चिप बदलली की तिथे बहुधा फ्लक्सचे (डाग देताना, म्हणजे सोल्डरिंगला, वापरतात त्या चिकट द्रव्याचे) डाग किंवा हात लागल्याची काही खूण राहते. इथे काहीच नव्हतं. पंखा आणि त्याच्यापुढच्या धातूच्या बारीक पात्या मात्र लख्ख. म्हणजे त्याने काम केलं होतं, धूळ काढली होती. त्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला की पंखा कितीही फिरो, गरम हवा बाहेर जात नाही, प्रोसेसर तापत जातो आणि शेवटी जळू नये म्हणून यंत्रणा स्वतःच वीज तोडते. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. ब्रशच्या कामाचे पैसे त्याने चिपच्या आणि बॅटरीच्या नावाने घेतले.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या घडामोडींच्या वहीत, 'सिस्टिम' या नोंदींत, माझ्या प्रत्येक बंद पडण्याची तारीख-वेळ होती. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद फक्त 'नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला' एवढंच सांगते, कारण सांगत नाही. तिच्यावरून कोणी बोर्ड गेल्याचं निदान केलं तर हसून बाहेर पडा. पण माझ्याकडे मध्ये मध्ये ८६ क्रमांकाचीही नोंद होती: तापमान धोक्याच्या पातळीला गेल्यामुळे बंद. दुकानाची पायरी चढण्याआधीपासून ती तिथे होती. (ती नसली म्हणून ताप नाही असं मात्र धरू नका, वीज थेट तुटली तर एकटी ४१च उरते.)

जाब विचारायला गेलो. बॅटरीबद्दल म्हणाला, आतले सेल बदललेत, रिपोर्टला जुनंच दिसतं. मग भरणारी क्षमता वाढली का नाही, यावर उत्तर नाही. जुनी चिप? टाकून दिली. रॅम? 'आली तेव्हा बाराच होती, साहेब.' इथे मी अडकलो, कारण सोळा होती याचा कागद माझ्याकडे नव्हता.

आता लॅपटॉप कुणाच्याही हातात देण्याआधी रॅम, एसएसडी आणि बॅटरीचे आकडे, दिसतात तिथे सीरियल नंबर, यांचे फोटो काढतो आणि तेच पावतीवर लिहून घेतो. बदललेला सुटा भाग परत हवा, हे आधीच सांगतो. पासवर्ड देत नाही. फारच अडलं तर वेगळं रिकामं खातं उघडून देतो. आणि त्याही आधी झरोक्यापुढे हात धरून बघतो: पंखा ओरडतोय पण वारा लागत नाही, तर धूळ. फक्त चार्जर काढल्यावर, तीस-चाळीस टक्के दिसत असतानाच मिटत असेल तर संशय बॅटरीवर. टचपॅड वर उचललं गेलं असेल तर मात्र वापर तिथेच थांबवा, फुगलेली बॅटरी घरी उचकटू नका.

ज्या दोघांना नंबर दिला होता त्यांना फोन केले. एक गेलाच नव्हता. दुसरा म्हणाला, 'बरं झालं तू पाठवलंस, माझाही बोर्डच गेला होता.' त्याला बॅटरी रिपोर्ट कसा काढायचा ते सांगितलंय. अजून त्याचा उलट फोन आलेला नाही.